बंद लखोट्यातील चाल

पूर्वी बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धांत एखादा डाव ठरलेल्या वेळेत संपला नाही, तर तो तहकूब करीत. ज्या खेळाडूची पाळी असेल त्याने आपली पुढील चाल पटावर न खेळता कागदावर लिहायची, कागद लखोट्यात घालून लखोटा चिकटवायचा आणि तो पंचांच्या स्वाधीन करायचा, अशी पद्धत होती. मोहऱ्यांची स्थिती आणि दोन्ही घड्याळांतील वेळ यांची नोंद होई. डाव पुन्हा सुरू होताना पंच तो लखोटा उघडीत आणि आतील चाल पटावर मांडीत. मधल्या वेळात विचार दोघांनाही करता येई; परंतु एकाला शेवटची चाल ठाऊक नसे आणि दुसऱ्याला ती बदलता येत नसे. थांबण्याचा लाभ कोणा एकाच्या पदरात पडू नये, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू.

घरोघरी संगणक आल्यावर ही पद्धत मागे पडली. पण तिच्यामागची दक्षता मात्र आज भलत्याच ठिकाणी हवी आहे. खेळणाऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे, नातलगांचे गट आता फोनवर भरतात. तेथे शब्दाला शब्द लागला की गटाचा चालक एक कळ दाबतो आणि बाकी सर्वांचे बोलणे थांबते. व्हॉट्सॲपने ही सोय २०१८ साली दिली. कळ दाबण्यास क्षणही लागत नाही, त्यामुळे थांबवताना विचार करावा लागतो याचाच विसर पडला आहे.

कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात बुद्धिबळाचे वेड जुने आहे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या रूपाने या खेळाला घर मिळवून दिले. आजूबाजूच्या गावांतील मुलांना सांगलीच्या स्पर्धेचे आकर्षण असे. डबा आणि पाण्याची बाटली घेऊन सकाळच्या एस.टी.ने निघालेली ही मुले तेथे खेळाबरोबर आणखी एक गोष्ट शिकत, ती म्हणजे भांडण कसे करावे. मोहऱ्याला हात लागला की नाही, घड्याळ आधी दाबले की नंतर, यावरून तंटा उद्भवला तर घड्याळे थांबवून पंचांना बोलवायचे. पंच दोघांचे ऐकणार, निर्णय देणार आणि घड्याळे पुन्हा सुरू करणार. भोवती उभ्या असलेल्यांनी तोंड उघडायचे नाही. यात थांबणे आहे. पण ते दोघांसाठी सारखे आहे, आणि थांबण्याच्या पोटातच पुन्हा सुरू होणे आहे.

फोनवरील गटात नेमके उलटे घडते. तेथे भोवती उभे असलेलेच अधिक बोलतात.

२०२० च्या टाळेबंदीत कराडच्या पेठांतील दुकानांची फळी दिवसाचे बरेच तास लागलेली असे. त्या रिकामपणी बुद्धिबळाची आवड असणाऱ्या काही मंडळींनी एक गट बांधला. त्यात भुसार मालाचे व्यापारी होते, औषधदुकानदार होते, एक-दोन प्राध्यापक होते आणि शाळकरी मुलेही होती. फ्रान्समधील एका प्रोग्रामरने २०१० साली सुरू केलेल्या ‘लीचेस’ या विनामूल्य संकेतस्थळावर रविवारी रात्री डाव रंगत आणि त्यांची चर्चा व्हॉट्सॲपवर चाले. शनिवार पेठेतील एक भुसार व्यापारी गटाचे चालक होते. वयाने पन्नाशी ओलांडलेली, स्वभाव मवाळ. मुले त्यांना काका म्हणत. टाळेबंदी उठली, दुकाने सुरू झाली, तरी रविवारचा डाव टिकला.

एका रविवारी सातवीत शिकणाऱ्या एका मुलाने गटातील एका जाणत्या खेळाडूला ओळीने तीन डाव हरवले. मुलाच्या वडिलांचे कापडाचे दुकान त्याच पेठेतले. रात्री गटावर एकाने लिहिले, की हे डोके मुलाचे नसून यंत्राचे आहे. दुसऱ्याने हसरे चित्र टाकले. तिसऱ्याने, आजकालच्या मुलांना कष्ट नकोत, असे सुभाषित जोडले. मुलाच्या चुलत्याने रागाने उत्तर दिले. मग जुने हिशेब निघाले आणि कोणाच्या दुकानातील वजनकाट्यापर्यंत गोष्ट गेली. साडेदहाच्या सुमारास काकांनी गट बंद केला. संदेश आता फक्त चालकच पाठवू शकत होते. काकांना वाटले, आग विझली.

थांबवणे चुकीचे होते असे कोणी म्हणणार नाही. आणखी अर्धा तास गेला असता, तर दोन कुटुंबांची पिढ्यांची ये-जा तुटली असती. पण गट बंद झाला त्या क्षणी शेवटचा संदेश कोणता होता, हे कोणी पाहिले नाही. तो होता, ‘खरे असेल तर सिद्ध करून दाखवावे.’ गट उघडणाऱ्या प्रत्येकाला पुढचे तीन दिवस तळाशी तेच वाक्य दिसत राहिले. ज्याने सिद्ध करायचे, त्याच्या तोंडावर मात्र कुलूप होते. बुधवारपर्यंत त्या संभाषणाचे चित्र शाळेतील मुलांच्या फोनवर पोहोचले. मुलाने बुद्धिबळाच्या वर्गाला जाणे थांबवले; पट कपाटावर ठेवून दिला.

बंद झालेल्या चर्चेचे वैशिष्ट्य असे, की तिच्यातील शेवटचा शब्द निकालासारखा दिसू लागतो. तो कोणी विचारपूर्वक दिलेला नसतो, केवळ कळ दाबण्यापूर्वी योगायोगाने आलेला असतो. व्यापारी घरांना हे निराळे समजावून सांगायला नको. बाजारात एखाद्याची हुंडी परतल्याची कुजबूज उठली आणि त्याच दिवशी बाजार बंद झाला, तर दुसऱ्या दिवशी उठते ती कुजबूजच. पत ही पैशाहून नाजूक असते आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलालाही पत असते.

गुरुवारी मुलाचे वडील काकांच्या दुकानी आले. चहा झाला. आवाज न चढवता ते म्हणाले, “शेठ, तुम्ही दार लावलंत ते बरं केलंत. पण माझा मुलगा बाहेर राहिला आणि बोलणारे आत राहिले.” काकांनी यावर काही उत्तर दिले नाही. वखारीच्या मागच्या खोलीत लाकडी पट मांडायला मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितले.

संगणकावरील डावाची एक सोय अशी, की त्याची प्रत्येक चाल नोंदलेली राहते. काकांनी तिन्ही डाव काढले. ज्या गृहस्थांनी पहिला संशय घेतला होता त्यांनाच त्यांनी बोलावले. स्पर्धा खेळलेले एक ज्येष्ठ खेळाडू साक्षीला बसले. मुलाने एकेक चाल लाकडी पटावर मांडावी आणि ती का खेळली ते सांगावे, एवढेच ठरले. पहिले काही क्षण त्याचा आवाज फुटेना. मग घोडा हातात आला आणि तो बोलू लागला. दुसऱ्या डावात त्याने प्रतिस्पर्ध्याच्या वजिरावर डोळा ठेवून एक उंट फुकट घालवला होता आणि समोरच्याच्या ते ध्यानात आले नव्हते. तिसऱ्या डावात दोन चालींत मात होत असताना तो प्यादे पुढे ढकलत बसला होता. ज्येष्ठ खेळाडू हसून म्हणाले, “असली चूक यंत्र कधी करणार नाही.” मुलाला त्याच्या चांगल्या चालींनी सोडवले नाही, त्याच्या चुकांनी सोडवले.

संशय घेणाराही वाईट मनुष्य नव्हता. संगणकाची मदत घेऊन खेळण्याचा रोग खरोखरच आहे आणि तो मोठमोठ्यांना जडला आहे. १३ जून २०२१ रोजी करोनाग्रस्तांच्या मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद काही नामवंतांशी ऑनलाइन खेळले. आमिर खान, क्रिकेटपटू युजवेंद्र चहल असे लोक त्यात होते. त्यांपैकी शेअरदलालीतील झेरोधा कंपनीचे सहसंस्थापक निखिल कामत यांनी आनंदना हरवले. ‘चेस डॉट कॉम’ने त्यांचे खाते बंद केले. दुसऱ्या दिवशी कामत यांनी आपण डाव पाहणाऱ्या जाणकारांची आणि संगणकाची मदत घेतल्याचे उघड मान्य करून दिलगिरी व्यक्त केली. आनंदनी संयम राखून, आपण पटावर होते ते खेळलो आणि इतरांकडून तीच अपेक्षा होती, एवढेच सांगितले. पुढे ते खाते पुन्हा उघडण्यात आले. तेथे कुलूप लागले, कारण कळले, कबुली आली, कुलूप निघाले. म्हणून ती गोष्ट संपली.

जे लोक असे खेळ चालवतात त्यांनी अनुभवाने एक नियम घातला आहे. कोणावर संशय असेल तर तो चारचौघांत नाव घेऊन बोलायचा नाही, तपासणाऱ्यांना खासगीत कळवायचा. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांतही उघड निराधार आरोप करणाऱ्यालाच शिक्षा होऊ शकते. आरोपाची जागा चावडी नव्हे, हे त्यामागचे शहाणपण.

मग चालकाचे काम नेमके काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गोंदिया जिल्ह्यातील एका व्हॉट्सॲप गटाचे प्रकरण आले होते. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी चालकावर गुन्हा नोंदवण्यात आला होता. १ मार्च २०२१ च्या निर्णयात न्यायालयाने म्हटले, की चालकाला सदस्य घेण्याचा वा काढण्याचा मर्यादित अधिकार असतो. मजकूर येण्यापूर्वी तो तपासण्याचा अधिकार त्याला नसतो. समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत नसेल, तर सदस्याच्या शब्दांचा दोष त्याच्यावर येत नाही. कायद्याने चालकाच्या खांद्यावरील ओझे उतरवले हे योग्यच झाले. परंतु कायद्याची जबाबदारी संपते तेथे घरच्या मोठ्या माणसाची जबाबदारी संपत नाही. दुसऱ्याच्या शब्दांचा तो धनी नसेल. स्वतः लावलेल्या कुलपाचा मात्र आहे.

दार लावणारे नेहमी निःपक्षपाती असतात असेही नाही. मूळ सांगलीच्या खाडिलकर घराण्यातील रोहिणी खाडिलकर १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे तेरा होते. मुलीने तेथे खेळावे काय, यावरून गदारोळ उठला. उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. अखेर जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. जाणत्यांनी ‘विषय संपला’ म्हणावे आणि तेरा वर्षांच्या मुलीने तो संपू देऊ नये, हे आपल्याच मातीशी नाते असलेल्या घरात घडले आहे. आणि पुढे १९८१ मध्ये याच रोहिणी आशियाई महिला विजेत्या झाल्या.

कराडच्या गटाकडे वळायचे, तर काकांनी गट उघडण्यापूर्वी चालक म्हणून एकच मजकूर लिहिला. आरोप काय होता, तो कोणासमक्ष कसा तपासला, काय आढळले. आणि गट चार दिवस बंद ठेवला त्यात मुलाला उत्तर देता आले नाही, ही उणीव राहिली. त्याखाली संशय घेणाऱ्या गृहस्थांनी आपल्या हाताने दोन ओळी लिहिल्या. जुने संदेश पुसून टाकावेत अशी सूचना आली होती. काकांनी ती मानली नाही. रोजकीर्दीत चुकीची नोंद खोडून काढीत नाहीत. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहितात आणि सही करतात. खाडाखोड केलेल्या वहीवर कोणाचा विश्वास बसत नाही. चुकीची नोंद आणि तिची दुरुस्ती दोन्ही दिसल्या, तरच वही खरी.

तेव्हापासून गटात चार गोष्टी ठरल्या. कोणाच्या सचोटीबद्दलचा संशय गटावर मांडायचा नाही, चालकांना फोन करायचा. चर्चा थांबवायची वेळ आली तर का थांबवली आणि केव्हा उघडणार, हे चालकाने त्याच वेळी लिहायचे. बंद ठेवायचे ते एका रात्रीपुरते. आणि शेवटचा शब्द आरोपाचा राहू द्यायचा नाही. ज्याच्याविषयी बोलणे झाले त्याला उत्तराची एक ओळ मिळाल्याखेरीज कुलूप लावायचे नाही. शिवीगाळ झाली तर मात्र तो मजकूर चालकाने तत्काळ काढावा, तेथे वाट पाहू नये.

सगळे पूर्ववत झाले असे नाही. मुलाच्या चुलत्याने गट सोडला तो सोडलाच. वजनकाट्याविषयी जे बोलले गेले, त्याला कोणत्याही लाकडी पटावर मांडून दाखवता येत नव्हते. मुलाने पट खाली काढला तो मात्र पुढच्याच रविवारी.

एकत्र कुटुंबे, भागीदारीच्या पेढ्या, समाजाच्या समित्या यांत आज असे गट शेकड्यांनी आहेत. वाटणीची बोलणी, लग्नाची देणीघेणी, मंडळाचा हिशेब, कशावरूनही ठिणगी पडते आणि घरातील कर्ता पुरुष ‘आता हा विषय बंद’ म्हणतो. फोन नव्हता तेव्हाही तो असेच म्हणत असे. पुष्कळदा ते म्हणणे आवश्यकच असते. पण त्या वाक्यानंतर सुनेचे, धाकट्या भावाचे किंवा नातवाचे उत्तर ओठांवरच राहिले असेल, तर विषय बंद झालेला नसतो. तो माजघरात सरकलेला असतो आणि कधीतरी व्याजासह परत येतो. ज्याला थांबवण्याचा अधिकार आहे, त्याने थांबवतानाच उघडण्याची वेळ सांगावी आणि जो बोलू शकला नाही त्याचा लखोटा जपून ठेवावा. ठरल्या वेळी, दोघांच्या समक्ष, तो उघडणे हेही त्याचेच काम.