दिवाणजींची खोटी पावती

बारावीच्या सुट्टीत मी यावलला एका केळी व्यापाऱ्याच्या आडतीवर बसत असे. पहिल्याच दिवशी दिवाणजींनी वजनकाट्याच्या पावत्यांचा गठ्ठा पुढ्यात टाकला. भरलेल्या गाडीचं वजन, त्यातून रिकाम्या गाडीचं वजा, उरलं ते केळीचं. तासाभरात मी सगळ्या वजाबाक्या तपासल्या आणि ऐटीत म्हणालो, ‘सगळ्या बरोबर, दिवाणजी.’

‘मग मी एक खोटी घातली होती, ती कुठं गेली, भो?’

एकाच ट्रॅक्टर-ट्रॉलीचं रिकामं वजन सकाळी ३८ क्विंटल ४० किलो, दुपारी ३७ क्विंटल ९०. वजाबाक्या दोन्ही चोख, आणि ५० किलो केळी आकाशातून आलेली! ‘पावती आपल्यापुरतंच बोलते,’ दिवाणजी म्हणाले. ‘वही उघडावी लागते.’

पुढे पुण्यात एक्सएमएल हेच माझं पोटापाण्याचं काम झालं. २००१च्या एक्सएमएल स्कीमात दोन रकाने एकमेकांशी हवे तसे ताडून पाहायची सोय नव्हती. २०१२ साली आवृत्ती १.१ आली आणि ‘असर्ट’ मिळालं: अट एक्सपाथमध्ये लिहायची, ती मोडली की कागद नापास. मी हरखलो. एका वाहतूक कंपनीच्या कामात प्रत्येक पावतीवर अट घातली, की वहीतल्या त्याच गाडीच्या इतर प्रत्येक पावतीत रिकामं वजन हेच असावं. वर वहीत जायला दोन ठिपके दिले. तीन आठवडे एकही चूक निघाली नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती.

असर्ट ज्या घटकावर बसतं, त्याला तो घटक आणि त्याच्या पोटातलं तेवढंच दिसतं. त्याच्या लेखी पावती हेच झाडाचं मूळ. वर वही नाही, शेजारी दुसरी पावती नाही. ‘इतर प्रत्येक पावती’ म्हणजे शून्य पावत्या, आणि शून्यातल्या प्रत्येकाला कुठलीही अट लागू पडतेच. त्यामुळे माझी अट तक्रार न करता सगळ्यांना पास करत होती. ही मर्यादा मुद्दाम ठेवलेली आहे, घटक कुठेही ठेवला तरी निकाल तोच यावा म्हणून. मला ती पटते. हे कळलं त्या रात्री मात्र पटली नव्हती.

अट उचलून वहीवर ठेवली, तेव्हा पोटातल्या सगळ्या पावत्या तिला दिसल्या. दोन वेगळ्या फायली ताडायच्या तर असर्टचा उपयोग नाही, तिथे स्किमाट्रॉनसारखं वेगळं साधन लागतं.

दिवाणजींना संगणक कधी लागला नाही. पण तेव्हापासून नवी अट लिहिली, की मी आधी एक खोटी पावती घालतो. तुमच्या असर्टमध्ये दोन ठिपके असतील, तर आजच एक घालून पाहा.