ओव्हलभोवती एक फेरी

रविवार. सकाळी मुंबईतल्या ओव्हल मैदानाभोवतीच्या वारसा फेरीला गेलो. कॉलेजची पोरं, निवृत्त मंडळी, आईचं बोट धरून आलेली एक चिमुरडी. सगळे माना वर करून बघत होते. पूर्वेला हायकोर्ट आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला, १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर. पश्चिमेला भराव घालून मिळवलेल्या जमिनीवरच्या, १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती.

फेरी घेणाऱ्या वास्तुविशारद मुलीनं खिडक्यांवरून सलग, कोपऱ्याला गोल वळून गेलेले छज्जे दाखवले. ऊन-पाऊस अडवायला केलेली सोय, आणि शोभाही तीच! काँक्रीटमुळे अशी वळणं सहज जमली.

२०१८ साली हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पण नुसत्या यादीनं वारसा टिकत नाही. जुनी लोखंडी जाळी भंगारात देताना रहिवाशाचा हात थबकला, तर वारसा टिकतो. आणि हात थबकायला आधी ओळख हवी. ती फुटपाथवर उभं राहून, साध्या मराठीत करून द्यायला हवी. गिरगाव, दादर, माटुंग्यातही अशा फेऱ्या भरपूर व्हाव्यात. आपल्या गल्लीतल्या जुन्या इमारतीची गोष्ट ठाऊक असेल, तर येत्या रविवारी चार शेजाऱ्यांना घेऊन निघाच.