पायाखालची वाट

तळेघरच्या पावसात लोखंड फार काळ लोखंड राहत नाही. भीमाशंकरच्या बाजूनं धुकं उतरलं की चार महिने भिंती ओल्या, सरपण ओलं, अंथरुणाला दमट वास. अशा ओलीत आमच्या घराच्या पाठीमागचा लोखंडी जिना वर्षानुवर्षं उभा होता. वरच्या बिऱ्हाडाला आगीच्या वेळी उतरता यावं म्हणून वडिलांनी तो बांधून घेतला होता. आतला जिना स्वयंपाकघरातून जातो. त्याच्याखाली गॅसची टाकी, सरपण आणि उन्हाळ्यात वाळवून भरलेली हिरड्याची पोती. तिथं ठिणगी पडली, तर धूर आधी त्याच जिन्यानं वर चढणार.

जिना तपासायला घोडेगावहून आलेल्या मिस्त्रींनी पहिल्या पायरीवर हातोडी मारली. आवाज बद्द आला. भिंतीत रुतलेल्या अँगलवरचा रंग त्यांनी खरवडला, तसे तांबूस पापुद्रे सुटत गेले. शेवटी हातात राहिली बोटानं चुरडावी अशी पातळ पट्टी. ‘‘आई, जिना रंगावर उभा होता. लोखंड कधीच सरलंय,’’ ते म्हणाले. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो फुगतो, गिलावा तडकवतो आणि त्या तड्यातून पुन्हा पाणी आत घेतो. पायऱ्या धड दिसत असतात, तेव्हाच भिंतीतला जोड संपत आलेला असतो.

हे कुणाला कळलं नाही, कारण त्या जिन्यावर कुणाचं पाऊलच पडत नव्हतं. पायऱ्यांवर कुंड्या होत्या, कठड्याला ताडपत्री बांधलेली होती. संकटासाठी राखलेल्या गोष्टीचं असंच होतं. ती आहे, एवढ्यावर आपण निश्चिंत होतो.

इथून जवळच भीमाशंकरच्या कड्यात शिडी घाट आहे. कर्जतकडच्या खांडसमधून पदरवाडीमार्गे वर येणारी ही वाट. कातळाच्या उभ्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या. पाऊस तिथंही तोच, गंजही तोच. पण वाट पायाखालची असली की कुठली शिडी हलते, कुठं शेवाळ धरलंय, हे चालणाऱ्याला तळपायानं कळतं. वापर हीच त्या वाटेची रोजची तपासणी.

२९ डिसेंबर २०१७ला मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहाला आग लागली. १४ माणसं गेली, त्यातली बरीच स्वच्छतागृहाच्या आसऱ्याला जाऊन गुदमरली. धुरात डोळे चालत नाहीत, विचारही चालत नाही. पाय ओळखीच्याच दिशेला धावतात. आमच्या आंबेगाव तालुक्यातल्या माणसाला तर माळीण गाव विसरता येत नाही. ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ जणांना पळायला वाटच उरली नाही. काही संकटं सवड देतच नाहीत. म्हणूनच आग जी थोडी सवड देते, ती वाया जाऊ देणं मला अक्षम्य वाटतं.

नवा जिना आम्ही नीट विचार करून बसवला. राष्ट्रीय इमारत संहिता बाहेरच्या जिन्याचा उतार ४५ अंशांहून तीव्र नको म्हणते. पायरी २५० मिलिमीटर रुंद, उंची १९० मिलिमीटरच्या आत. ही मापं मोठ्या इमारतींसाठी लिहिलेली असली, तरी घाबरलेल्या माणसाचं पाऊल गावात आणि शहरात सारखंच पडतं. लोखंड जस्ताचा मुलामा दिलेलं घेतलं. पायऱ्यांच्या पत्र्याला पाणी निथळायला भोकं ठेवली. भिंतीतले जोड झाकले नाहीत. ते दरवर्षी डोळ्यांनी पाहता आले पाहिजेत.

वर आरोग्य केंद्रातल्या सिस्टर राहतात, त्यांची मुलगी लहान आहे. त्यांना आईनं सांगितलं, ‘‘ताई, आता येणं-जाणं ह्याच जिन्यानं करा. पोरीला शाळेलाही इकडूनच धाडा.’’ मला आईचं हे म्हणणं मिस्त्रींच्या सगळ्या वेल्डिंगइतकंच मोलाचं वाटतं. सुटकेची वाट बांधून होत नाही. ती रोज चालून राखावी लागते. त्या मुलीला अंधारात, डोळे मिटून, कठड्याला हात लावत खाली उतरता यायला हवं. ते जमेल, तेव्हाच आमचं काम पुरं झालं असं मी म्हणेन.