फुंक

"जोरात फुंक! थांबू नको! अजून, अजून, अजून!"

नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. छाती भरून श्वास घ्यायचा आणि सहा सेकंद रिता करत राहायचं. असं तीनदा. मग बाकावर बसवून नाडी मोजली, ७२. व्हरांड्यात सहा मिनिटं भराभर चालवलं, ११८. हातात कागद दिला : 'नॉर्मल'.

मित्रांनो, मी इचलकरंजीकडच्या एका सूतगिरणीत ब्लोरूमला आहे. कापसाच्या गाठी फोडतो. रात्री कविता लिहितो. ब्लोरूम आणि कार्डिंग, कापसाची सगळ्यात जास्त धूळ इथंच. आणि तपासणी केली ती रविवारी, सुट्टीच्या सकाळी! तिथंच माझं डोकं फिरलं.

माझा बा कोल्हापुरात एका गिरणीत कार्डिंगला होता. सोमवारी पाळीवरनं आला की उंबऱ्यावरच बसायचा. "छातीवर धोंडा ठेवल्यागत वाटतंय बघ." मंगळवारी हलकं वाटायचं. शेजारी म्हणायचे, रविवारची उतरली नसंल. बा दारूला शिवत नव्हता. पुढं धोंडा सातही दिवस बसला आणि एक दिवस बाला घेऊनच उठला. त्या रोगाला बायसिनोसिस म्हणतात, हे मला फार उशिरा पुस्तकातनं कळलं. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, हीच त्याची खूण. म्हणून फुंक मोजायची ती त्याच दिवशी, पाळीआधी आणि पाळीनंतर. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा किती घटली ते बघायचं.

आणि 'नॉर्मल' कोण ठरवतं? यंत्र वय, उंची, लिंग विचारतं. कैक वर्षं ते वंशही विचारत आलं. १८४६ मध्ये इंग्लंडात हचिन्सननं हे यंत्र जगापुढं मांडलं. १८५१ मध्ये अमेरिकेत कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं त्याचाच दाखला देऊन सांगितलं, काळ्यांची फुफ्फुसं मुळातच उणी, गुलामी त्यांच्या हिताची. पुढं यंत्रातच काळ्यांचं माप १० ते १५ टक्के, आशियाईंचं ४ ते ६ टक्के खाली धरलं गेलं. मापच खाली आणलं की झिजलेली छातीही नॉर्मल. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेनं सांगितलं, वंश सोडून मोजा. जन्म बघून माप ठरवायचं, हा हिशेब आपल्याला काय नवा?

मुंबईच्या गिरण्यांत विणकर धोट्यातनं धागा तोंडानं ओढायचे. आपल्या तोंडानं धोटा बाटतो म्हणून जादा पगाराचं विणखातं आपल्याला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल पुढाऱ्यांपुढं टाकला. आपला श्वास धोट्याला चालत नव्हता. धुळीला मात्र चालला.

कागदावर सही मागितली, मी केली नाही. कविता बाजूला ठेवून अर्ज लिहिला : सोमवारी मोजा, पाळीआधी आणि पाळीनंतर, पाळी सुटायच्या दारात. एकवीस सह्या झाल्यात. काहींनी हात मागं घेतला, त्यांच्या घरी चूल आहे, मी त्यांना बोल लावत नाही.

आई म्हणाली, "नोकरी जाईल रं."

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "तुझ्या बाचं नाव लिवलंस का त्यात?"

"लिहिलं, आई."