लाकूड थांबतं

शाळेतले आमचे चित्रकलेचे सर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जायचे ते लाकडासाठी. तानपुऱ्याच्या तबल्या आणि दांड्या घडवताना उरलेले तुणीचे तुकडे तिथले कारागीर त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवत. सर एकेक तुकडा उचलून त्यावरून अंगठा फिरवायचे, नस कुठून कुठे जाते ते बघायचे आणि गाठ लागली की तुकडा परत ठेवायचे. निवडलेले तुकडे घरी रंधून घ्यायचे आणि त्यांवर वुडकट कोरायचे. आज मीही वुडकट करते आणि कला महाविद्यालयात शिकवते. ही दोन्ही कामं एका जन्मात, एकाच दिवसात कशी बसवायची, हे मी त्यांच्या घरी शिकले. ते ऋण मोठं आहे.

सरांचा दिवस शाळेचाच असायचा. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की शाळा भरण्याआधी जादा तास. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, भूमिती. एकाही विषयात मूल मागे पडू नये म्हणून ते जिवाचं रान करत. शिवाय स्नेहसंमेलनाचा पडदा, फलकलेखन, निवडणुकीची ड्यूटी. मग संध्याकाळी माडीवरच्या खोलीत, खिडकीखालच्या चौरंगावर, सरांचं आपलं काम सुरू व्हायचं. कधी तासभर, कधी जेमतेम अर्धा तास.

“रंगवायचं सोडून तुम्ही लाकूड का धरलंत?” असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “अगं, जलरंगाचा ओला कागद पाच मिनिटंसुद्धा थांबत नाही. तेलरंगाला सलग बैठक लागते. मास्तराला ती कुठून मिळणार? लाकूड थांबतं. मंगळवारी जिथे हात उचलला, तिथेच ते शुक्रवारी भेटतं.” माध्यम निवडण्याचं याहून प्रामाणिक कारण मी आजवर ऐकलेलं नाही. कलावंताच्या आयुष्यात वेळ किती आहे यावरून त्याचं माध्यम ठरू शकतं, आणि त्यात कमीपणा काही नाही, हे मला त्या वयात कळलं. पुढे संसार, नोकरी आणि लहान मूल एकदमच अंगावर आलं तेव्हा मी काम सोडलं नाही, ते या एका वाक्याच्या बळावर.

त्यांच्याकडे केटे कोलवित्झच्या चित्रांचं एक जुनं पुस्तक होतं. तिचा धाकटा मुलगा पेटर पहिल्या महायुद्धात, 1914 च्या ऑक्टोबरात मारला गेला. ते दुःख तिने एचिंगमध्ये, लिथोग्राफमध्ये मांडून पाहिलं; शेवटी ती लाकडाकडे वळली आणि 1921-22 मध्ये ‘युद्ध’ ही सात वुडकटची मालिका पुरी केली. त्यातल्या एकमेकींना घट्ट बिलगून मुलांना आत घेतलेल्या आया सर आम्हाला दाखवायचे आणि म्हणायचे, “बघा, पांढरं किती थोडं आहे. जे कोरून काढाल ते पांढरं, जे ठेवाल ते काळं. काय ठेवायचं ते आधी ठरवा.” ही बाईसुद्धा शिकवायची, हे ते आवर्जून सांगत. तरुणपणी बर्लिनच्या स्त्रियांच्या कलाशाळेत, पुढे प्रशियाच्या कला अकादमीत. 1933 मध्ये नाझींनी तिला तिथून बाहेर पडायला लावलं. शिकवता शिकवता कोरणाऱ्यांमध्ये ते घेत ते दुसरं नाव नंदलाल बोस यांचं. शांतिनिकेतनचं कलाभवन चालवता चालवता त्यांनी रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’साठी लिनोकट केले. त्याच 1930 साली काठी घेऊन दांडीला निघालेल्या गांधीजींचा लिनोकटही केला. पोरांच्या अंकलिपीला आणि देशाच्या लढ्याला एकच हात, एकच हत्यार, याचं सरांना फार अप्रूप होतं. मला वाटतं, त्यांना त्यात स्वतःसाठी आधारही सापडत असावा.

आम्हा मुलांसाठी त्यांनी छत्रीच्या काड्यांची हत्यारं केली होती. जुन्या छत्रीची पन्हळी काडी तोडायची, टोक दगडावर तिरकं घासून धार काढायची, मागे लाकडी मूठ. नस उभी असताना आडवं हत्यार चालवलं की कपची उडते, हे हाताला समजेपर्यंत ते टाकाऊ तुकड्यांवरच कोरायला लावत. अक्षरं उलटी कोरायची वेळ आली की मिरजेच्या गीतेची गोष्ट निघायची. 1805 मध्ये मिरजेचे संस्थानिक पटवर्धन यांच्या आश्रयाने इथे गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून, आणि कोरणारा होता एक तांबट. “त्याने अख्खी गीता उलटी लिहिली, तुम्हाला नाव लिहायला काय झालं?”

ठसा काढायची रीत त्यांच्याकडे अशी: काचेवर शाई घ्यायची आणि रोलर इतका फिरवायचा, की शाईचा चिकट आवाज बदलून एकसारखी बारीक चरचर ऐकू येईल. मग ठोकळ्यावर दोनदा पातळ हात. पुण्याच्या हातकागद संस्थेतून आणलेला कागद वर अलगद सोडायचा आणि पितळी चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासत जायचं. कागदाचा एक कोपरा दाबून दुसरा उचलून बघायचा. फिकं असेल तिथे पुन्हा चमचा. हे करताना सर कुणाशी बोलत नसत.

सगळ्यात मोठं देणं मात्र वेगळंच आहे. चित्रकलेचा शिक्षक विद्यार्थ्याच्या चित्रावर हात मारतो. पेन्सिलीने दुरुस्ती करतो, चार रेघांत चित्र सावरून देतो. सरही कागदावर ते करत. माझ्या लाकडावर त्यांनी हत्यार कधीच टेकवलं नाही. कोरलेलं परत भरता येत नाही, म्हणून तिथला निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. मी अडले, की ते दुसरा तुकडा घेऊन त्याच्यावर तीच वळणं कोरून दाखवत आणि तो तुकडा माझ्या शेजारी ठेवून उठून जात. शिकवण्याबद्दल मी पुढे पुष्कळ वाचलं, पण माझ्या वर्गात मी वापरते ती हीच रीत.

शाळा आणि कला यांच्या ओढाताणीत सरांचं काम मागे पडलं नाही, असं मी म्हणणार नाही. पडलं. परीक्षांच्या महिन्यांत चौरंगावर धूळ बसायची. मुंबईत प्रदर्शन व्हावं अशी त्यांची इच्छा होती, ते झालं नाही. त्यासाठी लागणारी सवड आणि पैसा दोन्ही शाळेत आणि घरात खर्च झाले. कोलकात्याच्या शासकीय कला महाविद्यालयात शिकवत हरेन दास यांनी बंगालच्या खेड्यांवर इतकं नाजूक आणि इतकं विपुल छापलं, ते बघताना मला सरांची आठवण येते आणि हळहळ वाटते. तिथे ग्राफिक विभाग होता, आजूबाजूला त्याच कामातली माणसं होती. सरांकडे चौरंग आणि चमचा होता. पण त्यांचे ठसे आज मिरजेतल्या कितीतरी घरांत आहेत. दहावी झालेल्या प्रत्येक चित्रकलेच्या पोराला ते एक प्रत द्यायचे, खाली पेन्सिलीने आवृत्तीचा आकडा आणि सही व्यवस्थित घालून, जशी एखाद्या संग्राहकाला द्यावी तशी.

सर गेल्यावर काकूंनी ठोकळे माझ्याकडे दिले. “तू वापरशील,” एवढंच म्हणाल्या. विद्यार्थ्यांना दाखवण्यापुरते मी त्यांवरून ठसे काढते, पण त्यांवर आकडा घालत नाही. मागच्या बाजूला, कुणी आणि कधी छापलं ते लिहिते. एक ठोकळा अर्धवट आहे. कृष्णेचा घाट डावीकडून कोरत आणलाय, उजवीकडे नुसती पेन्सिल. यंदाच्या वर्गातल्या एका मुलाने तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, “मॅडम, मी पूर्ण करू?” त्याचा हात चांगला आहे, कदाचित जमलंही असतं. मी नाही म्हटलं आणि त्याला कोरा तुकडा दिला.