डॉक्टरांनी तास विचारलेच नाहीत

16 डिसेंबर 2022 ची सकाळ मी झोपेत घालवली. तेव्हा मी आठवीत होतो. बाबांची बदली कोलकात्याला पूर्व कमांडच्या मुख्यालयात झाली होती आणि आम्ही फोर्ट विल्यममधल्या क्वार्टरमध्ये राहत होतो. 1971 च्या युद्धात पूर्व आघाडीची सूत्रे याच किल्ल्यातून हलली. म्हणून दर विजय दिवसाला तिथल्या विजय स्मारकावर पुष्पचक्रे वाहिली जातात. बांगलादेशातून मुक्तियोद्धेही येतात. बाबा मला तो सोहळा दाखवणार होते. आदल्या रात्री त्यांनी माझे बूट स्वतः पॉलिश करून ठेवले होते.

मी मात्र पांघरुणात पहाटे साडेतीनपर्यंत मोबाइलवर खेळत होतो. सकाळी आईने तीनदा हलवले. "डोकं दुखतंय," असे मी खोटेच सांगितले. बाबा एकटे गेले. परत आल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त बूट उचलून जागेवर ठेवले. ते रागावले असते तर बरे झाले असते.

संध्याकाळी आई म्हणाली, "ह्याला व्यसन लागलंय." मी म्हणालो, "सगळेच खेळतात." खरे कोणाचे, हे ठरवायला त्याच आठवड्यात आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो.

रोज किती तास खेळतोस, असे विचारतील म्हणून 'दोन तास' हे उत्तर मी तयार ठेवले होते. डॉक्टरांनी तास विचारलेच नाहीत. त्यांनी विचारले, "थांबायचं ठरवल्यावर थांबता येतं का? खेळापायी काय काय मागं पडलं? आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहिलास का?" मग झोप, मित्र, मनःस्थिती यांबद्दल विचारले. कधीकधी उदासी किंवा काळजी खेळाआड लपलेली असते, असे ते म्हणाले. आईशी ते वेगळे बोलले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ही यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. डॉक्टरांचे तीन प्रश्न म्हणजे त्या आजाराची तीन लक्षणे. त्यांमुळे अभ्यास, घर, नातीगोती यांचे मोठे नुकसान व्हावे लागते आणि हे साधारण 12 महिने दिसावे लागते. नुसते जास्त खेळणे म्हणजे आजार नव्हे.

मी खरे सांगितले. फुटबॉल सुटला होता. जानेवारीत याच शाळेची प्रवेश परीक्षा होती आणि सरावाची वही ऑक्टोबरपासून कोरी होती. पण हे सगळे बदलीनंतरच्या सहा महिन्यांतले होते. जुने मित्र लांब राहिले होते, बंगाली येत नव्हते. सहामाही परीक्षेच्या वेळी मी आपणहून खेळ बंदही ठेवला होता.

डॉक्टर म्हणाले, "निदान लिहावं इतकं हे नाही. पण धोक्याचं खेळणं नक्की आहे. आजार नाही म्हणजे सुटलो, असं समजू नकोस."

उपाय साधा होता. रात्री साडेनऊला मोबाइल आईकडे द्यायचा, संध्याकाळी मैदानावर जायचे आणि ठरल्या वेळी थांबलो तरच वहीत बरोबरची खूण करायची. पहिल्या आठवड्यात सातपैकी तीन खुणा झाल्या. खोटी चौथी करायचा मोह झाला, पण केली नाही. चौथ्या आठवड्यात सहा झाल्या. मधल्या काळात परीक्षाही झाली. आज मी या पानावर लिहितो आहे, यातच तिचा निकाल आला.

पालकांना माझी विनंती आहे की, 'व्यसनी' म्हणण्याआधी ते तीन प्रश्न शांतपणे विचारा आणि उत्तर काळजीचे वाटले तर डॉक्टरांकडे जा. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये यासाठी 2014 पासून 'शट क्लिनिक' आहे. कॅडेट मित्रांनो, हॉस्टेलवर मोबाइल नाही म्हणून आपण इथे सुरक्षित असतो. खरी परीक्षा सुट्टीत असते.

फोर्ट विल्यमला आता 'विजय दुर्ग' म्हणतात. आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरूनच हे नाव दिले आहे. तिथला सोहळा मी अजून पाहिलेला नाही. दर 15 डिसेंबरच्या रात्री मी माझे बूट स्वतः पॉलिश करतो.