पेन्शनीतली पलटण

नवीन पनवेलच्या सेक्टरांना वेस नाही, पण प्रत्येक सोसायटीला फाटक आहे आणि फाटकाशी एक प्लास्टिकची खुर्ची. पहाटे लोकल गाठणारी माणसं डबे सांभाळत स्टेशनाकडे धावू लागतात, तेव्हा त्या खुर्च्यांमध्ये एखादी रिकामी दिसते. तिच्यावर बसायचा माणूस शेजारी उभा असतो. पाठ ताठ, दाढी गुळगुळीत, बूट चकचकीत. पूर्वेकडे प्रबळगडामागून उजाडू लागलेलं असतं आणि हा माणूस दिवसाची हजेरी घेतल्यासारखा त्याच्याकडे बघत असतो.

आमच्या फाटकावरच्या अशा एकाला सगळे फौजीकाका म्हणतात. खटावकडचे. बेळगावच्या मराठा सेंटरात घडले, पुंछला बर्फ पाहिला, राजस्थानात वाळू खाल्ली, हवालदार होऊन पेन्शनीत आले. तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. सतरा-अठराव्या वर्षी भरती झालेल्या शिपायाला पेन्शन लागू व्हायला पंधरा वर्षं पुरतात. ज्या वयात शहरातला माणूस घराचे हप्ते सुरू करतो, त्या वयात फौजीची पेटी कायमची घरी येते. पहिलं आयुष्य संपतं आणि त्याच्या दुपटीहून लांब असं दुसरं समोर पसरलेलं असतं. पहिल्यात उठण्यापासून निजण्यापर्यंत हुकूम होते. दुसऱ्यात कुणी काही सांगत नाही. फौजीकाका म्हणतात, ‘‘सिव्हिलात आलो तेव्हा पहिले सहा महिने सकाळचं काय करायचं तेच कळेना.’’

आपल्याला फौजी ओळखता येतो तो पुतळ्यातला. आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात लढताना पडले. सगळी तुकडी जायबंदी झाली तरी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले. वय अवघं बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या शौर्यापुढे मान आपोआप झुकते. पण घाडगे परतले असते तर? बैल घेतले असते, भावकीशी बांधावरून भांडले असते, पोरांच्या फीसाठी तालुक्याला खेटे घातले असते. त्या आयुष्याला पदक नसतं, म्हणून त्याची गोष्टही कुणी सांगत नाही.

मला मात्र त्या दुसऱ्या आयुष्याचीच ओढ. त्यासाठी महाडच्या बाजूला, रावढळला जावं लागतं. तिथले गोपाळबाबा वलंगकर 1886 मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. दापोलीला अजून कॅम्प म्हणतात. त्या कॅम्पात तेव्हा पेन्शनर फौजींची वस्तीच होती. पुढे बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर तिथेच आले, मग साताऱ्याला नोकरीला गेले. वलंगकरांनी बंदूक ठेवली आणि लेखणी उचलली. 1888 मध्ये ‘विटाळ विध्वंसक’ काढून अस्पृश्यता कोणत्या आधारावर पाळता, असा जाब विचारला. थोड्याच वर्षांत सरकारने महारांची लष्करभरती थांबवली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून 1894 मध्ये विनंतीअर्ज लिहिला. स्वतःचं पेन्शन चालू होतं. मागणं पुढच्या पोरांसाठी होतं. 1895 मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. पहिल्या महायुद्धात 111 महार ही पलटण उभी राहिली, ती 1921 मध्ये मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडावं लागलं. म्हणजे अर्ज लिहिल्यावर सत्तेचाळीस वर्षं. वलंगकर 1900 मध्येच गेले होते.

फौजीकाकांच्या खुर्चीखाली रेक्झिनची एक पिशवी असते. तिच्यात स्वतःचं फारसं काही नसतं. कुणा जवानाच्या विधवेचं नाव पलटणीच्या कागदात एक आणि आधारवर दुसरं. लग्नाची नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर निघालीच नाही. ‘स्पर्श’ या पेन्शनच्या पोर्टलवर हयातीचा दाखला चढला नाही म्हणून नोव्हेंबरनंतर पेन्शन अडकलं. असले कागद. सुट्टीच्या दिवशी काका एस.टी.ने अलिबागला सैनिक कल्याण कार्यालयात जातात, नाहीतर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहितात. अक्षर वळणदार, भाषा कडक, खाली नंबर, हुद्दा, नाव. रात्रपाळीत फाटकावरच्या ट्यूबलाइटखाली हे चालतं. मधेच गाडी आली की उठून दांडी वर करतात, चालक मोबाइलवर बोलत निघून जातो.

अलीकडे भरतीची तयारी करणारी पोरंही त्यांच्याभोवती जमतात. 2022 पासून अग्निवीर चार वर्षांचे. त्यातले बरेचसे पंचविशीच्या आत परत येणार. पोरं धावण्याची वेळ विचारतात, छाती किती लागते विचारतात. काका ते सांगतात, मग म्हणतात, ‘‘आणि अर्ज लिहायला शीक. तिकडे चार वर्षं, इकडे चाळीस.’’

पोरं हसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे सीमा असते, आणि ती तशी असावीच. पण या देशाने फौजीला लढायला शिकवण्यासाठी छावण्या बांधल्या. परतल्यावर जगायला मात्र तो दुसऱ्या फौजीकडूनच शिकतो, दापोलीच्या कॅम्पात शिकत होता तसाच. ही पलटण कुठल्याही संचलनात दिसत नाही. तिची शिस्त अजून मोडलेली नाही, एवढं खरं.